मागची शिवण

कापड कधी खोटं बोलत नाही, हे मास्तरांचं ठरलेलं वाक्य होतं. एखादं गिऱ्हाईक वर्षभराने पँट घेऊन यायचं, काउंटरवर टाकायचं आणि म्हणायचं, मास्तर, पहिल्याच धुण्यात आटली बघा. मास्तर पँट उलटी करायचे, शिवण बोटाने चाचपायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, की आटली ती नेमकी कमरेतच कशी आटली? पायाची लांबी तर होती तेवढीच आहे. गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, मास्तर मोकळं हसायचे, आणि पँट ढिली करायला आत जायची.

मास्तरांना फसवणं सोपं नव्हतं. कमरेला टेप लागली की पोट आत घेणार नाही, असा पुरुष अजून जन्माला यायचा आहे. नवशिका शिंपी ते आत घेतलेलं माप लिहून मोकळा होतो आणि पँट पहिल्याच जेवणाला काचायला लागते. मास्तर टेप गुंडाळायचे आणि सहज विचारायचे, थोरला काय करतो हल्ली? माणूस बोलायला लागला की श्वास सुटतो, श्वास सुटला की पोट आपल्या जागी येतं. गिऱ्हाईक थोरल्याचं गाऱ्हाणं सांगण्यात रंगलेलं असताना मास्तर हळूच आकडा वाचून घ्यायचे. युक्ती मूळची त्यांच्या वडिलांची. आता ती मास्तरांनी लेकीला दिली होती.

लेकीला सगळे टाचणी म्हणत. लहानपणी ती बारीक आणि टोचरी होती, म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं नाव. मोठी झाल्यावर बारीकपणा थोडा कमी झाला, टोचरेपणा तेवढाच राहिला. दोन वर्षं एका कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसून ती कंटाळली आणि एक दिवस जिन्यातून खाली उतरून म्हणाली, की मला कोट शिवायला शिकवा. मास्तर आधी चिडले, मग दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी नवी कात्री आणून ठेवली. आनंद लपवायची त्यांची ती पद्धत होती.

पण कोट काही लगेच हाती दिला नाही. आधी हातशिलाई, मग काजं, मग बाह्या, खिसे. वर्ष होऊन गेलं तरी टाचणी पँटमध्येच अडकलेली. तिने कधी विचारलंच, तर मास्तर म्हणायचे, कोट म्हणजे दहा वर्षांचं काम, आणि कॉलर तर अगदी शेवटची. घाई कसली आहे?

दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. तो जिना मास्तर सकाळी एकदा उतरायचे आणि संध्याकाळी एकदा चढायचे, बाकी दिवसभर सगळं बसल्या जागी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची. त्या टोपलीतून चहा यायचा, जेवण यायचं, चारच्या सुमाराला बिस्किटं यायची. चहा दिवसाला आठ कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. शिवलेले कपडे पोचवायला स्कूटर होती, आणि कोपऱ्यावरच्या बटणांच्या दुकानात जायलासुद्धा तीच. जुनं पायाने चालवायचं मशीन सहा वर्षांपूर्वी मोटरवालं आल्यावर माळ्यावर गेलं होतं. आता नुसता अंगठा दाबला की सुई पळायची. मास्तर या सुखाचं फार कौतुक करायचे.

आणि एवढं बसूनही त्यांना कुणी जाड म्हटलं नसतं. ते स्वतः तर नाहीच नाही. कपडा असा बेतलेला, की पोट कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा पत्ता लागू नये. दुसऱ्या कुणालाही वय वाढलं की पँट सांगते. मास्तरांना त्यांची पँट इतक्या वर्षांत एकदाही घट्ट झाली नव्हती. असं का, हा प्रश्न बत्तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजणाऱ्या माणसाला कधी पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

कळसा सापडला तो टाचणीला. तिला उसवण्याचा सराव हवा होता. कारण उसवता आलं नाही त्याला शिवता येत नाही, हाही मास्तरांचाच एक नियम. त्यांनी सांगितलं, की वरून आईकडून जुने कपडे घेऊन ये. आईने कपाटाच्या तळातलं एक गाठोडं काढून दिलं. त्यात मास्तरांची राखाडी पँट होती, नऊ वर्षांपूर्वी दुकानाची नवी पाटी लागली तेव्हा हौसेने शिवलेली.

टाचणीने ती उलटी केली आणि मागची शिवण उसवायला घेतली. कुठल्याही चांगल्या पँटला मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंनी जादा कापड सोडलेलं असतं. पुढेमागे ढिली करायची वेळ आली, तर तिथून कापड सोडता येतं. या पँटमध्ये सोडायला काहीच उरलेलं नव्हतं. पहिली शिवण उसवली तर तिच्या आत जुन्या सुईच्या भोकांची एक रांग दिसली. तिच्या आत दुसरी. तिच्याही आत तिसरी. एका रांगेत काळ्या दोऱ्याचे तुकडे, एकीत निळ्या, एकीत तपकिरी. जो दोरा त्या दिवशी मशीनवर होता तो, कारण आतली शिवण कोण बघणार? आणि सगळ्यात वर, पट्ट्याखाली, दुसऱ्याच पँटच्या कापडाचा एक तिकोनी तुकडा जोडलेला होता. इतका सफाईदार, की बाहेरून शंका येऊ नये.

तिने टेप घेऊन एकेक रांग मोजली. चौतीस. साडेपस्तीस. सदतीस. साडेअडतीस. आणि तुकड्यासकट एक्केचाळीस. दर वेळी पँट जराशी काचली की मास्तर दुपारी दुकान रिकामं असताना दहा मिनिटांत ती सोडून घेत होते. जी गोष्ट लोकांना दुकानाची पायरी चढून, हसं करून घेऊन कळत होती, ती मास्तरांनी स्वतःला कधी कळूच दिली नव्हती. शिंपी नसते तर केव्हाच कळली असती.

बाबा, जरा उभे राहा, टाचणी एवढंच म्हणाली. मास्तर उभे राहिले. तिने टेप कमरेभोवती घेतली, आणि सांगायला नको, मास्तरांनी पोट आत घेतलं.

“कॉलर कधी शिकवणार मला?” तिने विचारलं.

“अगं, सांगितलं ना, दहा वर्षं तरी—”

बोलता बोलता श्वास सुटला. टेप तिच्या बोटांतून पुढे सरकली आणि एक्केचाळीसवर थांबली. मास्तरांना आपल्यावर आपलीच युक्ती चालल्याचं उमगलं, पण तोवर उशीर झाला होता. त्यांनी टेबलावरची उलटी पँट पाहिली, त्या चार रांगा पाहिल्या, आणि तोंडातून जे निघालं ते असं, की जुनं कापड आहे, धुऊन धुऊन आटतं.

आपलं वाक्य त्यांच्याच कानावर पडलं. टाचणीने पायाची लांबी मोजायला टेप उचलली, तेव्हा त्यांनी हात करून तिला थांबवलं. मग ते खाली बसले आणि बराच वेळ त्या पँटवरून हात फिरवत राहिले.

त्यांना काय आठवत होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांचे वडील, ज्यांना लोक मोठे मास्तर म्हणत, असेच बसून काम करायचे, असाच गोड चहा प्यायचे, असेच रुबाबदार दिसायचे. साखरेचा आजार कधी जडला ते कळलं नाही, कारण तपासलाच नाही. कळला तो डोळ्यांना. चोपन्नाव्या वर्षी त्यांनी एका कोटाची डावी बाही उजवीकडे लावली. तेव्हा बावीस वर्षांच्या असलेल्या मास्तरांनी ती गुपचूप उसवली आणि पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कोट चाचपून पाहिला आणि नुसतं विचारलं, तू उसवलीस ना? त्यानंतर त्यांनी कात्री हातात घेतली नाही. पुढची नऊ वर्षं ते दुकानाच्या दारात स्टुलावर बसून बोटांनी बटणं निवडत राहिले. मुलाला त्यांनी सगळं शिकवलं होतं, फक्त कॉलर राहिली होती. ती मास्तर वडिलांचेच जुने कोट उसवून उसवून शिकले आणि त्यात सात वर्षं गेली. कितीतरी वेळा त्यांनी भोकं पाहून अंदाज बांधले आणि ते चुकले, आणि ज्याला सांगता आलं असतं तो माणूस चार हातांवर बसून होता, पण त्याला दिसत नव्हतं.

मास्तर एक्कावन्न वर्षांचे होते. चोपन्नाला तीन वर्षं उरली होती. कोटाला दहा लागतात, हे तर ते स्वतःच सांगत होते.

दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडूनच पांढरे कोट शिवून घ्यायच्या, त्यामुळे भीड नव्हती. त्यांनी रक्त तपासून घेतलं, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा कागदावर लिहून दाखवला. सहा पूर्णांक तीन. साडेसहाला आजार म्हणतात, सातच्या आसपास असता तर मी आजच गोळ्या लिहिल्या असत्या, त्या म्हणाल्या. तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात. इथून कित्येक लोक मागे फिरतात, पण नुसतं ठरवून नाही. रोज अर्धा तास भराभर चालायचं, इतकं, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. तासभर बसलं की उठायचं. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं-बसायचं, कारण पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ताटात अर्धी भाजी आणि कच्चं, पाव भाग डाळ किंवा कडधान्य, पाव भाग भात. साखरेचा चहा बंद.

मास्तरांनी सगळं ऐकलं आणि मग खालच्या आवाजात विचारलं, की वडिलांना होता, म्हणजे मला होणारच ना?

“कापड वडिलांकडून आलंय, मास्तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बेतणार तुम्ही आहात.”

हे मास्तरांना पटलं. बेतणं म्हणजे त्यांचा हातखंडा. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्यांनी खिशातून शिंप्याचा खडू काढला आणि ताटावर रेघा मारल्या. अर्धा भाग, पाव भाग, पाव भाग, अगदी काटकोनात. बायकोने विचारलं, की आता भात उभ्या धाग्यावर वाढू की आडव्या? पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या ताटावरही तशाच रेघा मारून घेतल्या, आणि खडू धुवून काढायला किती घासावं लागतं यावर पुढचा आठवडाभर बोलत राहिली.

पायमशीन माळ्यावरून खाली आलं. मोटर काढून कपाटात ठेवली. मास्तरांना वाटलं, मिटलं काम. दिवसभर पाय चालणार, मग वेगळं चालायचं कशाला? जिना चढायला नको म्हणून टोपली मात्र चालू राहिली. ताटातल्या रेघा पाळल्या जात होत्या, चहा बिनसाखरेचा झाला होता, आणि मास्तर भेटेल त्याला खाण्यापिण्यावर व्याख्यान देत होते. कमरेचं माप द्यायला आलेला माणूस पोटभर ज्ञान घेऊन जायचा.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. सहा पूर्णांक तीन. होतं तेवढंच.

मास्तरांचा चेहरा पडला. घरी येऊन ते म्हणाले, नशिबात असेल ते होणार, माणसाने किती जीव काढायचा? बायकोला फक्त एक पांढरं रीळ हवं होतं, म्हणून तिने दुकानातला दोऱ्यांचा डबा उघडला.

जगातल्या सगळ्या घरांत बिस्किटांच्या डब्यात दोरे सापडतात. मास्तरांच्या दुकानात दोऱ्यांच्या डब्यात बिस्किटं सापडली. क्रीमची, दोन थरांत रचलेली, वर दाखवण्यापुरती चार रिळं. रोज चारला टोपली रिकामी आली की मास्तर दोरा बदलण्याच्या निमित्ताने डबा उघडत होते, आणि गेल्या तीन महिन्यांत त्यांनी दोरा फार वेळा बदलला होता.

बायकोने डबा टेबलावर ठेवला आणि ती वर निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. ओरडलं की भांडता येतं. दुकानात टाचणी होती. ती एका पँटची मागची शिवण टाचत होती.

मान वर न करताच म्हणाली, “पँट सोडलीत तशीच ही बिस्किटं. आतून कोण बघणार, असंच ना?”

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं.

“तुम्ही आजोबांच्या कोटांची भोकं पाहून कॉलर शिकलात. मला तसं शिकायचं नाही, बाबा. मला तुमच्याकडून शिकायचंय. तुम्हाला दिसत असताना.”

तिने परत टाके घालायला सुरुवात केली. मास्तरांना या पोरीचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग पोटातून अशी माया दाटून आली की त्यांना तिथे बसवेना. ते उठले, डबा घेतला आणि समोरच्या शाळेच्या चौकीदाराला बिस्किटांसकट देऊन आले. तो आनंदला. त्याची कमर अठ्ठावीस होती आणि दिवसभर तो पायावर उभा असायचा, त्याला बिस्किटं झेपली असती.

त्या दिवसापासून मास्तर सुतासारखे सरळ झाले म्हणायला हरकत नाही, फक्त सूत मधूनमधून गुंतायचं. टोपलीची दोरी त्यांनी स्वतः कापली. चहा हवा तर वर जायचं, चौदा पायऱ्या. दोनच दिवसांत आठ कपांचे तीन झाले, कारण प्रत्येक कपाला जिना होता. स्कूटरची चावी बायकोकडे गेली. शिवलेले कपडे पोचवायला मास्तर चालत निघाले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं, की बत्तीस वर्षं ज्या रस्त्यावर दुकान आहे तो पुढे चढाचा आहे. चढावर गाणं म्हणून पाहिलं. आलं नाही. बोलता येत होतं, पण बोलायला सोबत हवी, म्हणून टाचणीला घेऊन जायला लागले. एका खांद्यावर कपड्यांची पिशवी, आणि तोंडाने कोटाचे भाग. पाठ कशी बेततात, खांदा पाव इंच पुढे का ठेवतात, एका हाताचा खांदा दुसऱ्यापेक्षा नेहमी खाली का असतो. रस्त्यात दिसेल त्याच्या पाठीकडे बोट करून सांगायचे. आजवर टेबलावर वर्षभरात जेवढं सांगितलं नव्हतं, तेवढं त्यांनी त्या चढावर सांगितलं. टाचणी रात्री सगळं वहीत उतरवायची.

सगळं काही सुरळीत नव्हतं. एका लग्नाच्या कपड्यांची घाई आली तेव्हा बारा दिवस मास्तर मशीनवरून उठले नाहीत, आणि तेराव्या दिवशी चढावर धापा टाकल्या. गुडघा एकदा धरला. भात कमी केल्याचं दुःख त्यांना अजून होतं आणि ते लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. पण तासाला एकदा उठायचं ते उठायचे. मोजून ठेवलेली रिळं असायची, एक संपलं की खुर्चीतून दहा वेळा उठबस. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तर आपल्याला मान देऊन उठतायत. मास्तर त्यांचा गैरसमज दूर करायचे नाहीत.

सहा महिन्यांनी आकडा सहा झाला. नवव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि स्वतःच हसल्या. पाच पूर्णांक सहा. उंबऱ्याच्या अलीकडे. त्यांनी बजावलंही, की हे कायमचं कुलूप नाही, चालणं थांबलं की आकडा परत चालू लागेल, आणि दरवर्षी डोळे आणि रक्त तपासायचं म्हणजे तपासायचंच. मास्तर म्हणाले, तुमचा नवा कोट न्यायला दरवर्षी याल ना, तेव्हा मला आठवण करून द्या. मग घरी चालत आले, चढावर एक जुनं गाणं म्हणायचा प्रयत्न केला, अर्धं कडवं जमलं, आणि वेग कमी पडतोय असं वाटून पावलं उचलली.

दुकानात आल्यावर त्यांनी कपाटातून ती राखाडी पँट काढली आणि टाचणीपुढे ठेवली.

“घे. माप घे,” ते म्हणाले.

तिने टेप घेतली. मास्तर दोन्ही हात सोडून उभे राहिले. तिने टेप कमरेभोवती आणली, बोटांत धरली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बापाकडे पाहत विचारलं:

“कॉलर कधी शिकवणार मला?”

मास्तरांच्या ओठांवर हसू आलं. त्यांना युक्ती कळली होती, आणि तिलाही कळलं होतं की त्यांना कळली आहे. तरी त्यांनी उत्तर दिलं, चांगलं लांबलचक दिलं. म्हणाले, की कॉलरला आधी आतलं कडक कापड लागतं, ते भिजवून वाळवून घ्यायचं, मग त्याला बारीक तिरपे टाके घालायचे, वरचं कापड प्रत्येक टाक्याला जरासं वळवत जायचं, म्हणजे कॉलर स्वतःहून मानेकडे वळते. हे टाके डोळ्यांनी नाही, बोटांनी घालायचे, पण आधी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोटांना कळत नाहीत. म्हणून समोर बसूनच शिकावे लागतात.

टाचणी टेपकडे बघत होती. मास्तर एवढं सगळं बोलले, श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. टेप सुतभरही हलली नाही.

“सदतीस,” ती म्हणाली.

तिने पँट उलटी केली. वरचा तिकोनी तुकडा उसवून काढला, सदतीसच्या जुन्या भोकांच्या रांगेवर नवी शिवण घातली, सरळ आणि बारीक. बाहेरच्या बाजूला जादा कापड उरलं, दोन्हीकडे एकेक इंच. ते तिने रीतीप्रमाणे आत दुमडलं आणि इस्त्रीकडे हात नेला. मास्तरांनी मध्येच पँट ओढून घेतली. कात्री उचलली आणि शिवणीच्या जवळून ते जादा कापड कापायला लागले.

टाचणी दचकली. जादा कापड शिंपी कधीच कापत नाही. मोठ्या मास्तरांचा नियम होता, मास्तरांचा होता, तिच्याही अंगात पहिल्या दिवसापासून भिनवलेला होता. ती म्हणाली, की बाबा, पुन्हा सोडायला लागली तर?

“सोडायची नाही,” मास्तर म्हणाले. “घट्ट झाली तर मला कळू दे.”

त्यांनी दुसरी बाजूही कापली. दोन लांब राखाडी पट्ट्या टेबलावर पडल्या, नऊ वर्षांच्या भोकांनी भरलेल्या. मास्तरांनी त्यांतली एक उचलली, हाताने सरळ केली, खालून कडक कापडाचा तुकडा घातला आणि दोन्ही टाचून टाचणीपुढे धरलं. मग सुई घेतली, खिडकीकडे तोंड करून एका झटक्यात ओवली, आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

“बघ नीट,” ते म्हणाले, आणि कॉलरचा पहिला तिरपा टाका घातला.